बराक सातचा डावा रकाना

आम्ही तिघं जमलो की चहा हटकून गार होतो. तिघं म्हणजे मी, यासीन मास्तर आणि सिस्टर साळवे. एकाने कुणाचं नुसतं नाव काढायचा अवकाश, दुसऱ्याला लगेच पुढचं आठवतं, आणि मग संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही. हे किस्से आम्ही कुठे लिहून ठेवले नाहीत. लिहायला बंदीच होती! पेशंटचं नाव, गाव, गोष्ट बराकीबाहेर न्यायची नाही, हा आमच्या ट्रेनिंगचा पहिला नियम. त्यामुळे सगळं आतच साठत गेलं, आणि आत साठलेलं माणसाला किती छळतं हेही आम्हाला तिथेच शिकवलं होतं. आता नावंगावं बदलून सांगतो. नियमही राहील आणि मलाही जरा बरं वाटेल.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपायच्या सुमाराची गोष्ट. नगरच्या कॅम्पात एक लष्करी दवाखाना होता. पुढच्या वॉर्डांत गोळी लागलेले, पाय गेलेले, हिवतापाने फणफणलेले शिपाई. आणि अगदी मागे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या पलीकडे, सात नंबरची बराक. या बराकीतल्या माणसांना जखमच नव्हती. ब्रह्मदेशातून परत आलेली चांगली धडधाकट माणसं, पण एकाची वाचा गेलेली, एकाला दिसेनासं झालेलं, एक दिवसभर खाटेखाली बसून असायचा. बाकीचा दवाखाना तिला ‘येड्यांची बराक’ म्हणायचा.

तिथले डॉक्टर मेजर रिबेलो. मूळचे गोव्याचे, मनाच्या आजारांचं शिक्षण विलायतेत झालेलं, आणि मराठी पुण्यात शिकलेली. चाळीस पेशंट आणि हे एकटे! म्हणून त्यांनी आम्हा तिघांना मदतनीस म्हणून चार महिन्यांच्या ट्रेनिंगला घेतलं. यासीन मास्तर शेवगावचे, शाळेत शिकवायचे. सिस्टर साळवे नेवाशाच्या, सहा वर्षं नर्स. आणि मी मुळे. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेला आणि पोटापाण्याला काही नसलेला.

ट्रेनिंगच्या शेवटी प्रत्येकाने एका पेशंटचा रिपोर्ट लिहायचा आणि तो मेडिकल बोर्डापुढे जायचा. माझ्या वाट्याला आला किसन मुरूमकर, जामखेडकडचा, चोविशीतला शिपाई. त्याचा उजवा हात खांद्यापासून लुळा. हाडं ठीक, नसा ठीक, अंगावर ओरखडा नाही. बोर्डाने एवढंच ठरवायचं होतं, आजार की ढोंग? आजार ठरला तर माणूस घरी. ढोंग ठरलं तर कोर्ट मार्शल आणि तुरुंग. आणि हे ठरणार माझ्या रिपोर्टावरून! दाराला कडी लावली की नाही हे बघायला जो तीनदा परत येतो, त्याच्या!

मेजरसाहेबांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, हा पेशंट सिस्टरना द्या.

ते म्हणाले, "ज्याला भीती वाटत नाही, त्याला मी हा पेशंट देणार नव्हतोच."

*

पहिला धडा दोन रकान्यांचा. वहीचं पान मधोमध घडी घालायचं. पाहिलं-ऐकलं ते डावीकडे, आपल्याला वाटलं ते उजवीकडे. डाव्या रकान्यात वाटलेलं एक अक्षर आलं तर पान फाडून पुन्हा लिहायचं.

मेजरसाहेब समजावत होते तेवढ्यात आचारी चहा घेऊन आला. त्याने ट्रे टेबलावर आदळला आणि गेला. मेजरसाहेब म्हणाले, "लिहा."

मी डावीकडे लिहिलं, ‘आचारी रागावला होता.’ यासीन मास्तरांनी लिहिलं, ‘आचाऱ्याला शिस्त नाही.’ सिस्टरनी लिहिलं, ‘ट्रे टेकताना आवाज झाला. दोन कपांतला चहा बशीत सांडला.’

मेजरसाहेबांनी माझं पान हातात घेतलं. "मिस्टर मुळे, राग तुम्ही पाहिला? कुठल्या रंगाचा होता?"

मी म्हटलं, "सर, दिसतच होतं हो!"

त्यांनी आचाऱ्याला परत बोलावलं. ट्रे का आपटला म्हणून विचारलं.

"आपटला न्हाई सायेब. त्याचा एक कान तुटलाय. दोन म्हैने झालं सांगतोय, दुसरा द्या म्हनून!"

"म्हणजे तुम्ही रागावला नव्हता?"

"मगा न्हवतो," आचारी म्हणाला. "आता हाय!"

*

दुसरा धडा ‘तुम्ही’चा. पलटणीत शिपायाला सगळे अरे-तुरे करायचे, त्यात कोणाला काही वाटत नसे. बराक सातमध्ये मात्र प्रत्येक पेशंटला ‘तुम्ही’ म्हणायचं, असा मेजरसाहेबांचा हुकूम. माणूस मोकळा होतो म्हणे.

मी पहिल्याच दिवशी एका खाटेपाशी स्टूल ओढून बसलो आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही कसे आहात? तुम्हाला झोप लागली का?"

शिपाई ताडकन उठून अटेन्शनमध्ये उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"सायेब, माजं काय चुकलं?"

त्याला खाली बसवायला पाऊण तास लागला.

*

मग आल्या टेस्ट. एकीत आपण एक शब्द उच्चारायचा, पेशंटने ऐकल्याबरोबर मनात येईल तो शब्द सांगायचा. हातात घड्याळ धरून मधला वेळ मोजायचा. ज्या शब्दाला माणूस अडखळतो, तिथे काहीतरी दुखतं असं समजायचं.

यासीन मास्तरांच्या वाट्याला कोल्हारचे जाधव हवालदार आले. मास्तर वर्गात शिकवल्यासारखे ठणठणीत आवाजात म्हणाले, "मी शब्द सांगतो. ऐकला की विचार करत बसायचं नाही. लगेच!"

"जी!" हवालदार म्हणाले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं?

"पाणी!"

हवालदार उठले आणि खोलीबाहेर गेले. मास्तर घड्याळ धरून बसलेले. बऱ्याच वेळाने हवालदार तांब्या-भांडं घेऊन परत आले. मास्तर अत्यंत प्रामाणिक माणूस. त्यांनी डाव्या रकान्यात लिहिलं, ‘शब्द: पाणी. लागलेला वेळ: चार मिनिटे. पाणी गार होते.’

आम्ही पोट धरून हसलो. पण पुढचा शब्द मास्तर कधीच हसून सांगत नाहीत. पाणी पिऊन, हवालदारांना नीट समजावून, त्यांनी दुसरा शब्द उच्चारला. "घर."

घड्याळाचा काटा फिरतोय. खूप वेळाने त्यांनी अगदी हळू विचारलं, "रजा मंजूर झाली व्हय, मास्तर?"

त्या दिवशी टेस्ट तिथेच थांबली.

*

दुसरी टेस्ट अकलेची. ती विलायतेहून छापून आलेली, मराठी भाषांतर अस्मादिकांचं. त्यातला एक प्रश्न असा की शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीला आग लागलेली दिसली तर तुम्ही काय कराल? बरोबर उत्तर छापलेलं होतं, ‘ओरडून लोकांना बोलावीन.’ दुसरं काही आलं की शून्य.

समोर शेवगावकडचा एक शेतकरी शिपाई. प्रश्न ऐकून त्याने विचारलं, "कुन्त्या शेजाऱ्याच्या?"

"कोणत्याही."

"आसं कसं सायेब? दोन हायेत. येक उगवतीला, येक मावळतीला."

"बरं, उगवतीचा."

"त्याच्याकडं कुठली गंजी? त्याची जनावरं मागच्या सालीच इकली."

माझा धीर सुटत चालला होता. "मग मावळतीचा!"

तो गंभीर झाला. डोळे मिटून त्याने जणू रान समोर आणलं. "मावळतीची पेटली म्हंजी वारं माज्याकडंच येनार. मी आदी माजी बैलं सोडीन. मग त्याची. वरडायचं कशापायी? जाळ काय कुनाला दिसत न्हाई व्हय?"

नियम म्हणजे नियम. मी शून्य मार्क दिले आणि पुस्तक मेजरसाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी उत्तर वाचलं. मग शून्य खोडून पूर्ण मार्क दिले, आणि प्रश्नाच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने भलंमोठं शून्य काढलं.

"या प्रश्नाला," ते म्हणाले, "शेजारच नाही."

*

दुसऱ्या महिन्यात मेजरसाहेबांनी आजारांच्या लक्षणांचं पुस्तक वाचायला दिलं. ते माझ्यासारख्याच्या हातात द्यायला नको होतं. पहिल्या प्रकरणात मला माझी तीन लक्षणं सापडली. पाचव्या प्रकरणापर्यंत अकरा! छातीत धडधड, तळहाताला घाम, कडी तपासणं, पत्र पेटीत टाकल्यावर पत्ता चुकला असेल असं वाटणं. मी खाटेवर आडवा होऊन विचार करू लागलो की आता इथेच एखादी रिकामी खाट बघावी, निदान जाणं-येणं तरी वाचेल.

दोन दिवस मनात ठेवून शेवटी यासीन मास्तरांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, कोणाला सांगू नका. माझी अकरा लक्षणं जुळतात."

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून चिठ्ठी काढली. "माझी चौदा भरली."

दोघांनाही एकदम बरं वाटलं! त्याच आनंदात आम्ही सिस्टर साळव्यांकडे गेलो. त्या पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, तुमची किती?

त्यांनी हातातली घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "एकही नाही. त्याचीच काळजी लागलीय मला!"

*

आता हसण्यासारखं नाही असं एक सांगतो, कारण त्याशिवाय माझी भीती कळायची नाही.

आमच्या बराकीत नेवाशाकडचा एक शिपाई होता. त्याची वाचा गेलेली. पाटीवर लिहून बोलायचा. एका दुपारी जेवणानंतर तो झोपला असताना झोपेत बोलला. साफ, मोठ्याने, कुणाला तरी हाका मारल्या. पहारेकऱ्याने ऐकलं आणि वर कळवलं. बोर्ड बसलं. बोर्डाचे कर्नलसाहेब इंग्रज, पायाला लढाईतली जखम, काठी घेऊन चालणारे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "झोपेत बोलता येतं तर जागेपणी का नाही?" आणि लिहिलं, ‘ढोंग’. चौथ्या दिवशी गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. जाताना तो पाटीवर काहीतरी लिहायला बघत होता. पाटी सरकारी म्हणून काढून घेतली.

मेजरसाहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "तो खोटं बोलत नव्हता! माणूस आपल्याला फसवतो ते ढोंग. इथे त्याचं मन त्यालाच कळू न देता दार लावून बसलं होतं. झोपेत पहारा ढिला होतो, दार किलकिलं होतं. त्याच्या हातात कडी नाही! हे तुम्हाला कळलं नाही तर चार महिने फुकट."

आम्हाला कळलं. पण कर्नलसाहेबांना कोण सांगणार? माझ्या डोळ्यांपुढे त्या दिवसापासून किसनचा लुळा हात आणि ती गाडी एकत्रच यायला लागली. बोर्डाला तीन आठवडे राहिले होते.

*

आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे गप्प बसणं. पेशंट बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘होईल सगळं ठीक’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. यासीन मास्तरांना हे फार जड गेलं. त्यांना गप्प वर्ग दिसला की शिकवावंसं वाटायचं.

मी किसनबरोबर रोज तासभर बसायचो. तो खाटेवर, मी स्टुलावर. लुळा हात त्याने मांडीवर ठेवलेला असायचा, पंचा ठेवावा तसा. एका दुपारी अर्धा तास झाला तरी तो बोलेना. मीही नियमाने गप्प. पण गप्प बसलं की माझ्या डोक्यात विचारांचा बाजार भरतो. घाम फुटला, पाय हलायला लागला.

किसनने बघितलं. "सायेब, तुमाला बरं न्हाई का?"

तेवढंच पुरलं! झोप लागत नाही, वडिलांची रोज पत्रं येतात, लग्न ठरतंय, हे काम जमेल की नाही कळत नाही, सगळं मी त्याला सांगून टाकलं. त्याने मधे एक शब्द काढला नाही. सल्ला दिला नाही. ‘होईल ठीक’ म्हणाला नाही. तास संपला तेव्हा मी घाबरून उठलो आणि तो समजूतदारपणे म्हणाला, "उद्या या सायेब. बोललं की हलकं वाटतं."

हे सगळं मला डाव्या रकान्यात लिहावं लागलं, नियमच तो! मेजरसाहेबांनी वाचून वही मिटली.

"त्याला आपल्याकडे नोकरीला घेता येईल का?"

*

सिस्टर साळव्यांचं कौतुक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खाटेखाली बसणारा जो पेशंट होता, तो चाळिशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा माणूस. तो सिस्टरना ‘आई’ म्हणायचा. सिस्टर सत्तावीस वर्षांच्या! त्यांनी भरवलं तरच जेवायचा, त्या दिसल्या नाहीत की पुन्हा खाटेखाली. मेजरसाहेब म्हणायचे, "तो तुम्हाला पाहत नाही, तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला पाहतो. नाही म्हणू नका आणि हो म्हणू नका."

मग सिस्टरना दोन दिवसांची रजा घ्यावी लागली. न सांगता जायचं नाही, हाही नियम. त्या खाटेपाशी जमिनीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "मी दोन दिवस घरी जातेय, नेवाशाला. परवा येईन."

मिशाळ माणूस खाटेखालून बाहेर आला, अंगावरचे कपडे झटकले आणि म्हणाला, "एकटीच जानार? आंधार पडायच्या आत पोच, पोरी."

*

बोर्डाला चार दिवस होते. भेटीचा वार होता. किसनची आई जामखेडहून आली होती, चालत आणि मिळेल त्या गाडीने, दोन दिवस लागले तिला. व्हरांड्यात ती किसनसमोर बसली. मी पलीकडे खांबाजवळ वही घेऊन बसलेलो, सिस्टर दारात औषधं मोजत होत्या.

म्हातारीने माझ्याकडे वळून विचारलं, "सायेब, ह्येचा हात व्हईल का वो बरा?"

‘होईल’ म्हणायला बंदी होती. मी म्हटलं, "मेजरसाहेब बघतायत."

तिने मान हलवली आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. "मढीला जाऊन आले. कानिफनाथाला गाऱ्हानं घातलं. ह्यो परसाद घे." आणि तिने रेवडी पुढे केली.

किसनने घेतली. उजव्या हाताने!

उजवा हात मांडीवरून उठला, द्रोणासारखा वाकडा होऊन पुढे गेला, रेवडी घेतली, कपाळाला लावली, तोंडात टाकली. म्हातारीला त्यात काहीच नवल वाटलं नाही. प्रसाद घ्यायचा तो असाच. मग हात धपकन मांडीवर पडला. किसन त्या हाताकडे बघत राहिला. त्याने खांदा उचलून पाहिला, दात आवळले, मान ताठली. हात हलला नाही. दारात सिस्टरच्या हातातली बाटली तशीच राहिली होती.

मी दोन दिवस रिपोर्ट लिहिला नाही. जेवण जाईना. कर्नलसाहेबांनी झोपेतल्या आवाजावर माणूस तुरुंगात घातला होता. हा तर भरदुपारी, दोन साक्षीदारांसमोर हललेला हात!

यासीन मास्तर म्हणाले, "लिहू नका. चांगला पोरगा आहे, त्याची जिंदगी बरबाद होईल. अल्ला तुम्हाला विचारणार नाही, डावा रकाना का कोरा ठेवला म्हणून."

सिस्टर म्हणाल्या, "लिहायचं. आवडलं तेवढंच लिहायला लागलो तर तो पहारेकरी बरा की आपल्यापेक्षा."

शेवटी मेजरसाहेबांकडे गेलो. माझा आवाज रडवेला झाला असावा. मी म्हटलं, "सर, मी एक गोष्ट पाहिली..."

त्यांनी हात वर केला. "मला सांगू नका. मी त्याचा डॉक्टर आहे, मला ते खोडावंसं वाटेल. तुम्ही लिहा."

मी लिहिलं. हात उठला ते लिहिलं, पडला ते लिहिलं, दात आवळले ते लिहिलं. उजव्या रकान्यात एक पानभर लिहिलं, मेजरसाहेबांनी शिकवलेलं सगळं. सही करताना वाटत होतं, मी त्या गाडीलाच बोलावणं धाडतोय.

*

बोर्डाच्या दिवशी लांब टेबल, मधे कर्नलसाहेब, काठी खुर्चीला टेकवलेली, टोपी टेबलावर. शेजारी आणखी दोन अधिकारी. बाजूला मेजर रिबेलो. मी उभा, कारण दुभाष्याचं कामही माझंच. समोर किसन, पुऱ्या गणवेशात, डोक्यावर टोपी, उजवा हात लोंबता.

कर्नलसाहेबांनी माझा रिपोर्ट चाळला. उजव्या रकान्यावरून त्यांची नजर घसरून गेली. डाव्यातल्या एका ओळीवर बोट थांबलं.

"उजव्या हाताने घेतलं. हे तुम्ही पाहिलं?"

"यस सर."

"म्हणजे हात चालतो."

मेजरसाहेब बोलायला पुढे झाले. कर्नलसाहेबांनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "तुमचं मी गेल्या वेळी ऐकलंय, मेजर. मला या माणसाला विचारायचंय." आणि मला म्हणाले, "विचारा त्याला."

मी विचारलं. "किसन, त्या दिवशी आईने रेवडी दिली. ती तुम्ही उजव्या हाताने घेतलीत?"

"व्हय सायेब."

मेजरसाहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, नाही म्हण रे बाबा! पण तो नाही म्हणणाऱ्यातला नव्हता.

"का?"

"देवाची हुती सायेब. देवाफुडं डावा हात कसा करनार?"

मी भाषांतर केलं. कर्नलसाहेब पुढे झुकले. "म्हणजे तू मनात आणलंस की हात उठतो."

किसनने माझं मराठी नीट ऐकून घेतलं. मग लुळ्या हाताकडे बघून, एखाद्या हट्टी जनावराची तक्रार करावी तसं म्हणाला, "त्यो देवासाटी उटला सायेब. माज्यासाटी न्हाई उटत. मी रोज इनवतोय त्याला."

पेशंटचं वाक्य सुधारायचं नाही, त्यात आपलं काही घालायचं नाही. मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

"पुन्हा सांगा," कर्नलसाहेब म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी लेखणी उचलली, कागदावर टेकवली, लिहिलं मात्र नाही. किसनला म्हणाले, "ठीक आहे. जा."

शिपाई बोर्डासमोरून असाच जात नाही. सॅल्यूट केल्याशिवाय वळता येत नाही. किसनने टाचा जुळवल्या. सगळ्यांच्या नजरा त्याच्या उजव्या हातावर. आता उठला तर मेला, हे मला कळत होतं, आणि तरी कुठेतरी तो उठावा असंही वाटत होतं. त्याचा खांदा थरथरला. मानेची शीर फुगली. घामाचा थेंब भुवईवरून डोळ्यात गेला, त्याने पापणी हलवली नाही. हात उठेना.

मग त्याने डावा हात पुढे आणला. डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं, तो हात वर उचलला, कपाळापाशी नेला, टोपीला बोटं टेकवली, आणि तसाच धरून ताठ उभा राहिला.

कर्नलसाहेब त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी खाली मान घालून कागदावर लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"वाचून दाखवा त्याला."

मला अक्षरं नीट दिसत नव्हती. मी वाचलं, "आजारी आहे. घरी पाठवा."

किसन हलला नाही. साहेबाने सॅल्यूट घेतल्याशिवाय शिपायाने हात खाली आणायचा नसतो. डाव्या हातात धरलेला तो उजवा हात आता थोडा थोडा कापायला लागला होता.

कर्नलसाहेबांनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. काठी न घेता, टेबलाला धरून उभे राहिले, आणि त्याला सॅल्यूट केला.

तेव्हा कुठे किसनने डाव्या हाताने तो उजवा हात हळूच खाली आणला आणि मांडीशी नीट लावून ठेवला.